लेझरच्या आधी डॉक्टर

कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले, स्टॅनफर्डमधून डॉक्टरेट मिळवली आणि न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. तिथे १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा लेझर तयार केला. त्याची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, म्हणजे डोळ्यांना मुळीच न दिसणारा अवरक्त प्रकाश. पुढे याच लेझरने कारखान्यांत पोलादाचे पत्रे कापले जाऊ लागले आणि याच लेझरने त्वचारोगतज्ज्ञ चामखिळी काढू लागले, मुरमांचे खड्डे भरून आणू लागले. पत्र्यावर आणि गालावर पडणाऱ्या प्रकाशाची जात एकच असते. फरक असतो तो शक्तीचा, झोताच्या व्यासाचा आणि झोत एका जागी किती वेळ थांबतो याचा. हे आकडे कोण ठरवतं, यावर त्या गालाचं पुढे काय होणार ते अवलंबून आहे.

हा विषय मरोद्याच्या संदर्भात मांडावासा वाटतो, कारण मरोदा हे पोलादाच्या गावाचंच एक अंग आहे. छत्तीसगडमधल्या भिलाई इस्पात संयंत्राच्या वसाहतीतलं मरोदा सेक्टर, शेजारी रिसाली, आणि संयंत्राची तहान भागवणारा मरोदा तलाव. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षांत देशभरातून माणसं इथे नोकरीला आली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबंही होती. आज त्या कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी इथे राहते. या पिढीतल्या मुलामुलींना लेझर माहीत आहे तो वेगळ्याच कारणाने. ‘अप्पर लिप’चे केस, काखेतले केस, चेहऱ्यावरचे वांग, मुरमांचे डाग, आणि भरतीच्या मैदानावर उतरण्याआधी हातावरचं गोंदण. सैन्यभरतीत शरीरावर कुठे गोंदण चालतं याचे नियम कडक आहेत, त्यामुळे कॉलेजच्या वयात हौसेने काढलेलं नाव दोन-तीन वर्षांनी पुसावं लागतं.

संयंत्रातल्या कामगाराच्या घरी एक गोष्ट लहान मुलालाही ठाऊक असते. गॅसच्या वाहिनीला हात लावायचा तर आधी परमिट लागतं. वाहिनी बंद आहे का, गॅस उरला आहे का, कोण काम करणार, किती वेळ करणार, हे तपासून जबाबदार अधिकारी सही करतो आणि मगच पाना चालतो. कामगार कितीही तरबेज असला तरी त्या सहीला पर्याय नसतो. लेझरच्या खोलीत डॉक्टरची जागा नेमकी ही आहे. लेझरच्या यंत्राची नोक कुणाच्या हातात आहे हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण त्याच्या आधीचा प्रश्न असा की, या माणसाच्या या त्वचेवर आज लेझर चालवायचा की नाही, हे कुणी तपासून ठरवलं?

त्यासाठी लेझर त्वचेत काय करतो ते पाहायला हवं. आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये उद्दीपित उत्सर्जनाची कल्पना मांडली आणि थिओडोर मेमन यांनी मे १९६० मध्ये माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढून दाखवला. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी तो त्वचेवर वापरून पाहिला. पण सुरुवातीची कित्येक वर्षं हे शस्त्र बोथटच होतं. जन्मजात लाल डागांवर १९७० च्या दशकात अर्गॉन लेझर वापरला जाई. डाग फिका व्हायचा, पण अनेकांच्या चेहऱ्यावर त्याजागी व्रण उरायचा. उष्णता हव्या त्या जागी थांबत नव्हती, आजूबाजूच्या पेशींत पसरत होती.

कोडं सुटलं ते १९८३ मध्ये. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या हार्वर्डच्या दोन संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक तत्त्व मांडलं. आजचा सगळा सौंदर्य-लेझर त्याच तत्त्वावर उभा आहे. त्वचेतला प्रत्येक घटक ठरावीक रंगाचा प्रकाश जास्त शोषतो. केसातलं आणि त्वचेतलं मेलॅनिन, रक्तातलं हिमोग्लोबिन, पेशींतलं पाणी, प्रत्येकाची आवड निराळी. योग्य तरंगलांबी निवडली तर नेम हव्या त्या घटकावर लागतो. पण तेवढ्याने भागत नाही. तापलेला घटक आपली उष्णता शेजाऱ्याला द्यायला काही वेळ घेतो. प्रकाशाचा ठोका त्या वेळेच्या आत संपला, तर लक्ष्य जळतं आणि शेजारी वाचतो. गोंदणाच्या शाईचे कण अतिशय बारीक, म्हणून तिथे ठोका सेकंदाच्या काही अब्जांश भागाचा लागतो. केसाचं मूळ जाड, म्हणून तिथे तो सेकंदाच्या हजारांश भागांत मोजतात. एका यंत्राने सगळं होत नाही, आणि एकाच यंत्रावरही एकच आकडा सगळ्यांना चालत नाही.

केस काढण्याच्या लेझरचं लक्ष्य आहे मेलॅनिन. केसातलं मेलॅनिन तापतं, ती उष्णता मुळाशी असलेल्या, नवा केस घडवणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचते आणि त्या निकामी होतात. म्हणूनच पिकलेल्या केसावर लेझर चालत नाही. त्यात तापायला काही उरलेलंच नसतं. पण मेलॅनिन फक्त केसात नसतं. ते त्वचेच्या वरच्या थरातही असतं, आणि लेझरला मुळापर्यंत जाताना तो थर ओलांडावाच लागतो. गोऱ्यापान त्वचेत काळा केस असेल तर नेम सोपा. गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत वरचा थरच प्रकाश शोषू लागतो आणि भाजतो.

आपली गोष्ट इथे सुरू होते. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते त्यावरून तिचे प्रकार पाडले. ते पहिले प्रकार गोऱ्या लोकांपुरतेच होते. गडद त्वचेचे पाचवा आणि सहावा हे प्रकार नंतर जोडले गेले. भारतीयांची त्वचा बहुतांशी चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. अशा त्वचेसाठी तरंगलांबी जितकी मोठी तितकी सुरक्षितता जास्त, कारण मोठ्या तरंगलांबीचा प्रकाश मेलॅनिन कमी शोषतं. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट लेझर गोऱ्या त्वचेवर उत्तम चालतो, पण सावळ्या त्वचेवर तो धोका वाढवतो. ८१० च्या आसपासचा डायोड मधला. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग गडद त्वचेला सर्वांत सोसणारा. ‘आयपीएल’ नावाने जे मिळतं तो तर लेझरच नव्हे. तो अनेक तरंगलांबींचा मिळून झगझगीत प्रकाश असतो, आणि गडद त्वचेवर तो फार जपून वापरावा लागतो. ‘आमच्याकडे लेझर आहे’ एवढ्याच वाक्यावर पैसे भरणाऱ्या ग्राहकाला यातलं काहीच कळत नाही. त्याला ते कळावं ही अपेक्षाही योग्य नाही. ते कळलेलं माणूस तिथे असायला हवं.

शिवाय त्वचेचा रंग वर्षभर एक नसतो. छत्तीसगडच्या उन्हाळ्यात स्कूटरवरून कॉलेजला जाणाऱ्या मुलीचे हात मे महिन्यात जितके काळवंडलेले असतात तितके जानेवारीत नसतात. हिवाळ्यात तिला सोसलेला आकडा मे महिन्यात पोळू शकतो. सहा सिटिंगचं पॅकेज घेतलं, पहिल्या सिटिंगचे आकडे वहीत लिहिले आणि पुढच्या प्रत्येक वेळी तेच लावले, ही पद्धत म्हणूनच चुकीची आहे. दर वेळी त्वचा नव्याने पाहायला हवी.

गव्हाळ त्वचेचा आणखी एक स्वभाव आहे. तिला इजा झाली की बरी होतानाही ती जास्त रंगद्रव्य तयार करते. भाजलेली जागा भरते, पण काळा डाग महिनोन्महिने राहतो. कधी उलटं होतं, रंग बनवणाऱ्या पेशीच दुखावतात आणि पांढुरके ठिपके उरतात. डाग घालवायला गेलेली व्यक्ती दुसरा डाग घेऊन परतते, तो या कारणाने. वांगावर वारंवार कमी शक्तीचा लेझर मारण्याची जी पद्धत आहे, तिच्यातही हे पांढुरके ठिपके दिसलेले आहेत. वांग तर मुळात चिवट आहे. ऊन, संप्रेरकं आणि आनुवंशिकता यांच्या संगनमताने तो येतो आणि लेझरने फिका झाला तरी परत येतो. वांगासाठी पहिलाच उपाय म्हणून लेझर सुचवणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

पण माझ्या मते डॉक्टरची सर्वांत मोठी गरज भाजण्यापासून वाचवण्यासाठी नाहीच. ती निदानासाठी आहे. मान काळी पडली, मखमलीसारखी जाड झाली, म्हणून लेझर मागणारे तरुण पुष्कळ असतात. ती काळी मान बहुतेकदा शरीर इन्शुलिनला दाद देत नसल्याची खूण असते. तिथे साखर तपासायला हवी, वजन पाहायला हवं. लेझरने त्या मानेमागचं मूळ कारण जात नाही. हनुवटीवर राठ केस येणाऱ्या मुलीत पाळीची अनियमितता आणि पीसीओएस असू शकतो. तो न हाताळता नुसता लेझर केला तर केस येतच राहतात. क्वचित लेझरमुळेच आजूबाजूचे मऊ केस राठ होतात. चेहरा आणि मान या भागांत, गडद त्वचेत आणि संप्रेरकांचा बिघाड असलेल्या स्त्रियांत हे अधिक दिसतं. आणि केस काही महिन्यांतच भराभर वाढले, आवाज घोगरा झाला, तर अंडाशयात किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ नाही ना, हे पाहावं लागतं. पॅकेज विकणाऱ्या काउंटरवर यातला एकही प्रश्न विचारला जात नाही.

तिळाचंही तसंच. आपल्याकडे त्वचेचा कर्करोग पाश्चात्त्य देशांइतका आढळत नाही, पण आढळतो, आणि गडद त्वचेतला एक प्रकार तर साध्या काळ्या तिळासारखा दिसतो. संशयास्पद तिळाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा असतो. लेझरने तो जाळून टाकला तर पुरावाच नाहीसा होतो आणि खाली राहिलेला रोग वाढत राहतो.

मग स्टिरॉइड मलमं. चेहरा गोरा व्हावा म्हणून औषधाच्या दुकानातून बीटामेथासोन, क्लोबेटासोलसारखी मलमं आणून वर्षानुवर्षं लावणाऱ्यांची संख्या आपल्या देशात इतकी आहे की त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेला त्याविरुद्ध मोहीम उघडावी लागली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक मलमांना चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातलं. अशा मलमाने पातळ झालेली, लाल, सुजरी त्वचा लेझर सोसत नाही. पण रुग्ण ते मलम ‘औषध’ मानतच नाही. ती ‘क्रीम’ असते. म्हणून विचारणाऱ्याला नेमकं विचारता आलं पाहिजे, आणि ट्यूब मागवून वाचता आली पाहिजे. मुरमांसाठी चालू असलेल्या गोळ्या, उन्हाला त्वचा हळवी करणारी डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं, ओठावर वारंवार उठणारा नागीण जातीचा ताप-फोड, जखमेचा व्रण फुगून केलॉइड होण्याची प्रवृत्ती, गरोदरपण, हे सगळं त्याच चौकशीत येतं.

गोंदणाबाबत एक तपशील सांगण्यासारखा आहे. पांढऱ्या, त्वचेच्या रंगाच्या किंवा गुलाबी शाईत टायटॅनियमची वा लोहाची संयुगं असतात. लेझरचा ठोका पडताच ती क्षणात काळी पडू शकतात. भुवयांवर किंवा ओठांवर करून घेतलेला ‘परमनंट मेकअप’ काढायला गेल्यावर हे घडलं तर चेहऱ्याच्या मध्यभागी काळी रेघ उमटते. म्हणून जाणकार आधी एका ठिपक्यावर चाचणी घेतो, काही दिवस थांबतो आणि मगच पुढे जातो.

डोळ्यांचं तर सांगायलाच नको. हे लेझर सर्वांत धोकादायक, चौथ्या वर्गात मोडतात. १०६४ नॅनोमीटरचा किरण दिसत नाही, पण डोळ्याचं भिंग त्याला थेट पडद्यावर एकवटतं. भुवयांच्या खालचे केस लेझरने काढताना बुबुळाला इजा होऊन बाहुलीचा आकार बिघडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. चष्मा हवा, आणि तो त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला हवा. डोळ्यांवर कापूस ठेवून भागत नाही. भट्टीसमोर निळ्या काचेशिवाय उभं न राहणाऱ्या गावाला हे वेगळं समजवायची गरज पडू नये.

या विषयातली सर्वांत दुःखद घटना मात्र लेझरच्या किरणामुळे घडलेलीच नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात २२ वर्षांची एक विद्यार्थिनी पायांवरचे केस लेझरने काढून घेणार होती. दुखू नये म्हणून बधिर करणारं मलम तिने सांगितल्याप्रमाणे दोन्ही पायांवर भरपूर लावलं आणि वर प्लास्टिक गुंडाळलं. त्या मलमात लिडोकेन आणि टेट्राकेन यांचं प्रमाण फार होतं. प्लास्टिकमुळे ते त्वचेतून रक्तात झपाट्याने उतरलं, तिला झटके आले, ती बेशुद्ध झाली आणि जानेवारी २००५ मध्ये गेली. अॅरिझोनातही २५ वर्षांची एक तरुणी अशीच गेली. २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबद्दल जाहीर इशारा दिला. एक मलम, किती भागावर, किती वेळ, झाकून की उघडं, हा हिशेब औषधशास्त्राचा आहे. तो फोनवरून सांगण्याचा विषय नव्हे. आपल्याकडेही ही मलमं सर्रास वापरली जातात, म्हणून ही गोष्ट इथे मुद्दाम सांगितली.

डॉक्टर नसताना काय होतं, याचा अंदाज अमेरिकेतल्या न्यायालयीन प्रकरणांवरून येतो. लेझरने झालेल्या इजांच्या खटल्यांचा अभ्यास तिथल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. २००८ मध्ये अशा खटल्यांपैकी ३६.३ टक्के प्रकरणांत लेझर डॉक्टरेतर व्यक्तीने चालवलेला होता. २०११ मध्ये हे प्रमाण ७७.८ टक्क्यांवर गेलं. डॉक्टरेतरांच्या प्रकरणांपैकी जवळपास दोन तृतीयांश पारंपरिक दवाखान्याबाहेर, सलून किंवा स्पासारख्या जागी घडली होती, आणि सर्वाधिक इजा केस काढताना झाल्या होत्या. जी क्रिया सगळ्यांत साधी समजली जाते, तिथेच हे प्रमाण मोठं आहे. खटल्यांची संख्या म्हणजे इजांची संख्या नव्हे, हे मान्य करूनही हा कल दुर्लक्षिण्यासारखा नाही.

आपल्याकडे लेझरने केस कुणी काढावेत, हे सांगणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. पण मोकळं रानही नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे पात्रतेशिवाय वैद्यकी करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केशरोपणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून मिळवलेलं ज्ञान हे प्रशिक्षण मानता येणार नाही, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. छत्तीसगडमध्ये उपचारगृहांच्या परवान्यासाठी २०१० चा राज्याचा कायदा आहे. आणि पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवून दिलं आहे. यंत्र विकण्या-आयात करण्यावरही २०२० पासून औषध कायद्याची नजर आहे. फट उरते ती यंत्र विकत घेतल्यानंतर ते रोज कोण चालवतं, या जागी. ती फट राज्याने बुजवायला हवी, आणि त्यासाठी आरोग्य खात्याने सलून आणि दवाखाना यांतली सीमा लेखी आखून द्यायला हवी.

प्रशिक्षित परिचारिकेने किंवा तंत्रज्ञाने लेझर चालवण्यात गैर काही नाही. मोठ्या रुग्णालयांतही तसं चालतं, आणि रोज तेच काम करणारा तंत्रज्ञ हाताने सफाईदार असू शकतो. उलट नुसती एमबीबीएसची पाटी म्हणजे लेझरचं ज्ञान नव्हे. त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा पदविका, आणि त्यानंतरचं त्या यंत्रावरचं शिक्षण, हे पाहायला हवं. देखरेख मात्र खरी हवी. डॉक्टरचं नाव बोर्डावर आणि डॉक्टर दुसऱ्या शहरात, याला देखरेख म्हणता येत नाही. पहिल्या सिटिंगआधी डॉक्टरने स्वतः त्वचा पाहावी, निदान लिहावं, दर सिटिंगला आकडे नव्याने ठरवावेत, आणि नोक त्वचेला लागते तेव्हा त्याच इमारतीत असावं. त्वचा राखाडी पडली, फोड उठला, रुग्णाला घेरी आली, तर पहिल्या काही मिनिटांतच निर्णय लागतो.

मरोद्याहून हे अवघड नाही. सेक्टर ९ मधलं जवाहरलाल नेहरू रुग्णालय गावातच आहे, रायपूरला एम्स आहे. एकदा त्वचारोगतज्ज्ञाला त्वचा दाखवायला लागणारी फी पॅकेजच्या किमतीच्या मानाने किरकोळ असते. लग्न ठरलेल्या घरांना माझी खास विनंती आहे की, लेझर लग्नाच्या तोंडावर सुरू करू नका. केस आळीपाळीने वाढतात, त्यामुळे सिटिंगमध्ये चार ते आठ आठवड्यांचं अंतर लागतं; आणि चाचणीच्या ठिपक्यावर डाग पडलाच तर तो जायला महिने लागतात. लेझरनंतर केसांच्या मुळांशी बारीक सूज आणि लाली तासा-दोन तासांची, फार तर एक-दोन दिवसांची असते. नोकेच्या आकाराचे चौकोनी वा गोल ठसे उमटले, फोड आले, कातडी गेली, तर ते भाजणं आहे. गार पाण्याखाली धरा, बर्फ लावू नका, फोड फोडू नका, टूथपेस्ट किंवा हळद थापू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

आणि दर सिटिंगनंतर यंत्राचं नाव, तरंगलांबी, प्रति चौरस सेंटिमीटर किती ज्यूल, ठोका किती मिलिसेकंदांचा आणि चालवणाऱ्याची सही, एवढं कागदावर लिहून मागा. तो कागद द्यायला जिथे नकार मिळेल, तिथे पुढची सिटिंग घेऊ नका.